न धुतलेला रोल

१

नोव्हेंबर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी कार्यालये उघडण्याच्या वेळी, शहरातील आधुनिक कलासंग्रहालयाच्या तळघरात पुढील प्रकार उघडकीस आला. ‘अपूर्ण’ या कलावंतगटाच्या निगेटिव्ह ज्या लोखंडी कपाटात ठेवल्या होत्या, ते कपाट सताड उघडे होते. रिकामी कागदी पाकिटे जमिनीवर पडली होती. पाकिटांतल्या पट्ट्या, खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या मेजावर पसरलेल्या होत्या. तो दिवा आणि छतावरचे सगळे दिवे चालू होते. मेजाच्या कोपऱ्यात एक पत्र्याची डबी झाकण काढून ठेवलेली होती. तिच्यातला फिल्मचा रोल पार शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढलेला होता आणि मेजाच्या कडेवरून सापाच्या कातेसारखा खाली लोंबत होता.

काहीही चोरीला गेले नव्हते. काहीही फाडलेले, कापलेले नव्हते. जे झाले होते ते इतकेच, की अंधारात ठेवलेल्या वस्तू कोणीतरी उजेडात आणून ठेवल्या होत्या.

संग्रहालयाच्या संचालकाने पोलिसांऐवजी आपल्या मावशीला बोलावले. मावशी निवृत्त न्यायाधीश होत्या. सगळे जण त्यांना बाईसाहेब म्हणत, आणि साक्ष देणाऱ्याच्या तोंडून विशेषण निघाले की हात वर करून त्याला थांबवण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

“शुक्रवारी उद्घाटन आहे, मावशी. पोलीस आले की बातमी होणार.”

“आणि मी आले की काम फुकटात होणार. असू दे. किल्ली कुठे असते?”

“खिळ्याला.”

“कुठल्या खिळ्याला?”

संचालकाने दाराशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवले. बाईसाहेबांनी त्या खिळ्याकडे आणि मग भाच्याकडे पाहिले. “तुझ्या आईला मी तेव्हाच म्हटलं होतं, याला एखादं दुकान काढून द्या. काल इथे कोण कोण होतं?”

“तिघं. चित्रकार, समीक्षक आणि छायाचित्रकार बाई. चित्रांखालच्या ओळी लिहायचं काम चाललं होतं. संध्याकाळी एकेक करून गेले. कोण आधी, कोण नंतर, मी पाहिलं नाही. पण मावशी, सगळं संपलं! चाळीस वर्षांचं काम एका रात्रीत उजेडानं पुसून टाकलं.”

“काही पुसलं गेलेलं नाही.”

हे वाक्य दारातून आले. दारात सत्तरीची एक किडकिडीत बाई उभी होती. तिने पट्ट्यांकडे ओझरते पाहिले. “फिल्म एकदा धुतली, निगेटिव्ह तयार झाली, की ती उन्हात वाळत घातली तरी काही होत नाही. उजेडाला भ्यायचं ते न धुतलेल्या फिल्मनं. ज्यानं हे केलं त्याला एवढंही ठाऊक नव्हतं.”

मग तिची नजर कोपऱ्यातल्या डबीवर गेली. लोंबणारी फिल्म तिने दोन बोटांनी उचलली. ती जांभळट करडी होती, आरपार काही दिसत नव्हते.

“हा मात्र गेला,” ती म्हणाली. “हा धुतलेला नव्हता.”

“त्यात काय होतं?” बाईसाहेबांनी विचारले.

“माझा भाऊ.”

२

कलेचा इतिहास लिहिणारे एका साध्या प्रश्नाला बगल देतात: जी कलाकृती टिकलीच नाही, तिला आपण नेमके कशाच्या आधारावर थोर म्हणतो? ‘अपूर्ण’ गटाने टिकणारे असे काहीच केले नाही. टिकणे हाच त्यांच्या मते कलेचा अपराध होता. त्यांनी बर्फाच्या खुर्च्या केल्या आणि त्यांवर बसले. एका पडक्या गिरणीच्या भिंतीवर पाण्याने चित्रे काढली, ती वाळून गेली. यातले आज जे उरले आहे, ते या बाईच्या कॅमेऱ्यात उरले आहे. गटाने तिला टोपणनाव दिले होते ‘तिपाई’. ती कोपऱ्यात गुपचूप उभी असे आणि सगळे आपापले कोट, पेले, पिशव्या तिच्या हातात देत, हे त्याचे कारण. पुस्तकांत तिच्या चित्रांखाली ‘गटाच्या संग्रहातून’ असे छापत. येत्या प्रदर्शनाच्या मोठ्या फलकावर चित्रकाराचा चेहरा होता, समीक्षकाचा मजकूर होता. तिचे नाव खुर्च्या पुरवणाऱ्याच्या नावाच्या वर, आभारांत होते.

पोटासाठी ती ओळखपत्रांचे फोटो काढत आली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत तिने बाईसाहेबांना बसवले आणि समोर कॅमेरा घेऊन, बोलता बोलता, त्यातला संपलेला रोल काढायला घेतला.

“धाकटा माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मीच त्याला गटात नेलं. शिल्पकार होता. बरा होता. फार बरा होता असं मी म्हणणार नाही, तुम्ही हात वर कराल.”

“बोला.”

“त्याच्या मनात आलं, आपणच साचा व्हायचं. उभी लाकडी पेटी करायची, आपण आत उभं राहायचं, आणि गळ्यापर्यंत ओलं प्लास्टर ओतायचं. तोंडावर मुखवटा, श्वासाला नळी. नळीपुढे कागदाची एक चिंधी टांगलेली. ती हलते तोवर माणूस जिवंत. उजवा हात पेटीच्या मागच्या भोकातून बाहेर. मूठ मिटलेली म्हणजे ठीक. मूठ उघडली की पेटी फोडा. प्लास्टर सुकताना आवळतं हो, छाती फुगू देत नाही. म्हणून तो हात.”

“हातावर लक्ष कोणाचं?”

“चित्रकाराचं. आम्ही त्याला बुवा म्हणायचो. मागच्या बाजूला तो एकटा. पाहुणे सगळे पुढे, मी पुढे, पंडितही पुढे.”

“पंडित म्हणजे समीक्षक.”

“हो. मागे मी दुसरा कॅमेरा लावला होता, तिपाईवर. त्याला स्प्रिंग होती, फोटो काढला की फिल्म आपसूक पुढे सरकायची. रबरी फुगा माझ्या हातात, त्याची लांब नळी मागच्या कॅमेऱ्याला. मी पुढे उभी राहून फुगा दाबत होते. मागे काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं. फक्त फोटो निघत होते.” ती थांबली. “मग चिंधी हलायची थांबली. मी ओरडले. बुवा दारातून हातोडा घेऊन धावत आला, सगळ्यांनी पेटी फोडली. आणि त्या वेळी, बाईसाहेब, मी काय करत होते सांगू? मागच्या कॅमेऱ्यातून रोल काढत होते. हातांना सवय. माझे हात रोल गुंडाळत होते, हे असे.”

तिने आत्ताचा रोल काढला. फिल्मचे निमुळते टोक अजून बाहेर होते. त्या जिभेवर तिने अंगठ्याच्या नखाने एक आडवी घडी घातली, घडी पुन्हा सरळ केली आणि जीभ आत फिरवून टाकली.

“हे काय केलंत?”

“घडी? ती खूण, हा रोल वापरलेला आहे म्हणून. तरुणपणी एकदा एकाच रोलवर दोनदा फोटो काढले होते. धाकट्याच्या डोक्यातून कारखान्याचं धुराडं निघालेलं. आठवडाभर हसला. तेव्हापासून नखानं घडी घातल्याशिवाय एक रोल सोडलेला नाही.”

“त्या दिवशीही?”

“त्या दिवशी नख मोडलं. म्हणून तर पक्कं लक्षात आहे.”

“कोणाला ठाऊक आहे ही घडी?”

ती कडवट हसली. “मी फिल्मचं काय करते हे आजवर कोणी विचारलंय?”

रोल तिने पिशवीत टाकला होता. भावासोबत रुग्णवाहिकेत जाताना पिशवी मागेच राहिली. दुसऱ्या दिवशी पंडित ती घरी घेऊन आला. रोल त्याने पत्र्याच्या डबीत घालून, वरून चिकटपट्टी लावून दिला होता. ‘एवढ्यात उघडू नकोस,’ तो म्हणाला होता, ‘सोसणार नाही.’

“फार केलं त्यानं तेव्हा माझ्यासाठी,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही उघडलाच नाही.”

“मूठ मिटलेली निघाली असती, तर माझा भाऊ आपण होऊन मेला. उघडी निघाली असती, तर मी त्याला खुन्यांच्या हाती दिला. धुतला नव्हता तोवर दोन्ही खरं नव्हतं.” तिने कॅमेरा बाजूला ठेवला. “पण माझे डोळे चाललेत. मधोमध काळा डाग आहे, तो वाढतोय. डॉक्टर म्हणतात, वर्षभर दिसेल. मला ती मूठ बघायची आहे. म्हणून डबी संग्रहालयाला दिली. शुक्रवारी सगळ्यांसमोर धुवायची ठरली होती.”

“डबीची चिकटपट्टी कोणी काढली?”

“तुमच्या भाच्यासमोर मीच कापली, गेल्या आठवड्यात. पिवळी पडून पत्र्याला एकजीव झाली होती. चाळीस वर्षांत तिला कोणी हात लावलेला नव्हता.”

बाईसाहेब उठल्या. दारात त्यांनी वळून विचारले, “बुवा दारातून धावत आला म्हणालात. पण तो पेटीमागे उभा होता ना?”

“दारातूनच,” तिपाई म्हणाली, “बाहेरून.”

३

चित्रकार गावाबाहेरच्या मोठ्या बंगल्यात राहत होता आणि नाश पावणाऱ्या कलेचा हा प्रणेता गेली वीस वर्षे टिकाऊ तैलचित्रे काढून विकत होता. दार त्याच्या बायकोने उघडले.

“ते कामात आहेत,” ती म्हणाली.

“अगं, झोपलोय असं सांग, खोटं कशाला?” आतून आवाज आला.

बाईसाहेबांनी सरळ मुद्द्याला हात घातला. “त्या दिवशी तुम्ही पेटीमागे नव्हता.”

“कोण म्हणतं? तिपाई? तिला फोटोतलं सोडून काही कळत नाही. मी तिथंच होतो. मूठ मिटलेली होती. पोलिसांना तेच सांगितलं, तुम्हालाही तेच सांगतो.”

“हातोडा कुठे होता?”

“अंगणात. ओट्यावर.”

“मग तो तुमच्या हातात कसा आला? ती ओरडल्याबरोबर तुम्ही हातोड्यासह दारातून आत आलात. पेटीमागून अंगणात जाऊन परत यायला वेळ लागतो. तुम्ही ओरडा ऐकलात तेव्हाच अंगणात होता.”

चित्रकाराने दाढीवरून हात फिरवला. बायको दारात उभी होती, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “तू आत जा.”

“मी नाही जाणार. चाळीस वर्षं झोपेत ओरडता, ते मीच ऐकते. बोला.”



“ओकत होतो,” चित्रकार म्हणाला. “आदल्या रात्री फार प्यालो होतो. मळमळायला लागलं. पाहुण्यांसमोर कुठे ओकणार? म्हटलं, दोन मिनिटं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पंडितनं त्यावरही लेख लिहिला असता. परत येतोय तोच तिचा ओरडा. मागे कोणीच नव्हतं, बाईसाहेब. तो कोणाला मूठ दाखवत होता, देव जाणे. म्हणून म्हटलं, मिटलेली होती. मिटलेलीच असेल. असायलाच हवी.”

“म्हणजे तो रोल धुतला गेला असता तर तुमची रिकामी जागा दिसली असती.”

“हो. मग मीच केलं म्हणा. सगळे तेच म्हणणार आहेत, नाही तरी.” तो उसळून म्हणाला. “पण मला शुक्रवार हवा होता! मूठ मिटलेली निघाली असती तर मी सुटलो असतो. उघडी निघाली असती तर निदान ओरडणं संपलं असतं.”

“निगेटिव्ह उजेडानं खराब होतात का?”

“होत असतील. मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. पंडितला विचारा, त्याची नखं तेव्हा कायम तपकिरी. वर्तमानपत्रात फोटो धुवायचा तो, अंधाऱ्या खोलीत. आता सांगायची लाज वाटते त्याला. मोठा झालाय ना!”

४

समीक्षकाच्या अभ्यासिकेत पुस्तके उंचीनुसार लावलेली होती. त्याची कीर्ती ज्या एका निबंधावर उभी होती, त्याचे शीर्षक ‘मिटलेली मूठ’. एका तरुण शिल्पकाराने सुटकेची खूण करण्याचे नाकारून स्वतःच कलाकृती होणे पत्करले, असा त्याचा सिद्धान्त. तो निबंध तीन पिढ्यांनी परीक्षेसाठी पाठ केला होता, आणि पाठ केलेल्या गोष्टीविषयी शंका घेणे माणसाला किती जड जाते हे वेगळे सांगायला नको.

“चहा?” त्याने विचारले. “हे फार दुर्दैवी झालं. अतिशय...”

बाईसाहेबांचा हात वर गेला.

“बरं. नुसतं दुर्दैवी.” तो हसला. “तुम्ही कडक आहात असं ऐकलं होतं.”

“कोणी केलं असेल?”

“मला कोणाचं नाव घ्यायला आवडत नाही. पण तर्क करू. ज्या माणसाला वाटतं की उजेड लागला की तयार निगेटिव्हसुद्धा पुसल्या जातात, तो माणूस शोधा. तिपाईला तसं वाटणं शक्य नाही. आमच्यात एवढा अडाणी एकच आहे, आणि तो फार मोठा चित्रकार आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी? मला फिल्म कॅमेऱ्यात कुठून घालतात तेही कळत नाही. ओ की ठो नाही. मी शब्दांचा माणूस.”

“रोल तुम्हीच त्यांच्या घरी पोचवलात ना?”

“पिशवी पोचवली. डबीला चिकटपट्टी लावली. ती तेव्हा वेडीपिशी झाली होती, उगाच डबी उघडून बसली असती.”

“तुम्ही त्या दिवशी कुठे उभे होता?”

“पुढे. पाहुण्यांत. चाळीस माणसं होती, कोणालाही विचारा.”

“त्यातली निम्मी वारली आणि उरलेली चिंधीकडे पाहत होती.” बाईसाहेब उठल्या. “चहा राहू द्या.”

त्या संग्रहालयात परतल्या. तळघरात काहीही हलवू नये असे त्यांनी सकाळीच बजावले होते. मेजाशी उभ्या राहून त्यांनी पट्ट्या न्याहाळल्या. मग भिंग मागवले आणि लोंबणाऱ्या फिल्मचे निमुळते टोक त्याखाली धरले. एकदा या बाजूने पाहिले, एकदा त्या बाजूने.

“काय झालं, मावशी?” संचालकाने विचारले.

“तिघांना बोलाव.”

“कोणी केलं ते कळलं?”

“ते सकाळीच कळायला हवं होतं. आत्ता कळलंय ते वेगळंच आहे.” त्यांनी भिंग खाली ठेवले. “हा तो रोलच नव्हे.”

५

दुपार टळली होती. तिघे मेजाभोवती बसले. तिपाई कडेला, सवयीने कोपऱ्यात. चित्रकार आणि समीक्षक समोरासमोर. संचालक किल्ली खिशात घालून दाराशी उभा. बाईसाहेब उभ्याच राहिल्या.

“या पट्ट्या बघा. ज्यानं पसरल्या त्याला उजेडाचं काही कळत नाही, असं वाटावं म्हणून त्या पसरल्या आहेत. पण हात कसे चालले बघा. प्रत्येक पट्टीची निस्तेज बाजू वर, चकचकीत बाजू काचेवर. एक पट्टी दुसरीवर चढलेली नाही. निस्तेज बाजूवर चित्र असतं, तिथे ओरखडा पडतो, म्हणून जाणकार माणूस ती वर ठेवतो. चित्रकारांनी या ओढून ढिगारा केला असता.”

“केलाच असता,” चित्रकार म्हणाला.

“तेव्हा, अडाणीपणाचं सोंग घेणारा जाणकार. इथे जाणकार दोन. एक या बाई. दुसरा, ज्याला मी विचारल्यावर फिल्ममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जो तरुणपणी वर्तमानपत्रात फिल्मच धुवत होता.”

समीक्षक हसला. “बुवाचं ऐकून? तरुणपणी आम्ही सगळेच काही ना काही करत होतो. शिवाय मी तो रोल का नासवू? त्या रोलमध्ये माझा सिद्धान्त होता.”

“हाच प्रश्न मला अडवत होता. आता या बाईंना एक विचारते. रोल संपला की तुम्ही जिभेवर काय करता?”

“नखानं घडी घालते.”

“या फिल्मची जीभ बघा. भिंग घ्या.”

तिपाईने फिल्म डोळ्याशी धरली. डोळ्याच्या मधोमध असलेला डाग चुकवण्यासाठी ती मान तिरकी करून पाहत होती. मग तिने बोटाचे टोक जिभेवरून फिरवले, पुन्हा फिरवले.

“सरळ आहे,” ती म्हणाली. “ही कधी... ही कॅमेऱ्यात गेलेलीच नाही. रिळाच्या खाचेत अडकवल्याची मुडपसुद्धा नाही. ही कोरी आहे.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मग मी चाळीस वर्षं काय सांभाळलं?”

“कोरा रोल. तुमचा रोल डबीला चिकटपट्टी लागण्यापूर्वी बदलला गेला. ती पट्टी गेल्या आठवड्यापर्यंत अभंग होती, आणि ती कोणी लावली हे तुम्हीही सांगता आणि तेही सांगतात. आता कोड्याचा दुसरा भाग. कोरा रोल नासवायचा कशाला? कारण कोरी फिल्म धुतली तर ती स्वच्छ, पारदर्शक निघते. शुक्रवारी ती तशी निघाली असती, तर सगळ्यांनी विचारलं असतं, बाईंचे फोटो कुठे गेले? पण उजेड लागलेली फिल्म धुतली तर काळीकुट्ट निघते. काळ्या फिल्मवर कोणी चोरीचा आळ घेत नाही. कालचा उजेड फोटो पुसायला लावलेला नव्हता. फोटो नव्हतेच, हे लपवायला लावला होता.”

“तर्क म्हणून सुरेख आहे,” समीक्षक म्हणाला. “पण मी जाणकार, मग घडी मला कशी दिसली नाही?”

“कारण तुम्ही रोल अंधारात उघडत होता. वर्तमानपत्रात तुमचं काम तेच. अंधारात डबी फोडायची, चाचपून जीभ कापायची, टाकून द्यायची. तुम्ही त्यांचे रोल कधी डोळ्यांनी पाहिलेच नाहीत. तुमच्या मते सगळे रोल सारखे. त्यांच्या लेखी नाही.”

चित्रकार अर्धवट उठला होता. “पंडित, तू रोल चोरलास? का? मागे तर कोणी नव्हतं!”

“बसा,” बाईसाहेब म्हणाल्या. “तेच राहिलं आहे. तो कॅमेरा फक्त पेटीची मागची बाजू पाहत होता. त्याच्यासमोर दोनच गोष्टी: ती मूठ, आणि मुठीजवळ जो उभा असेल तो. त्याच रात्री, आत काय आहे ते न बघता, रोल चोरायची गरज कोणाला? जो त्या कॅमेऱ्यासमोर उभा होता त्याला. तुम्ही अंगणात गेलात तेव्हा जागा रिकामी राहिली नाही. तुम्हाला वाटत होतं की रिकामी आहे, म्हणून तुम्ही खोटं बोललात. आणि तुमच्या खोट्याच्या आडोशाला यांचं खोटं चाळीस वर्षं बसून राहिलं.”

६

हवा कोरडी करणारे यंत्र घोंघावत होते. समीक्षकाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला नाही.

“मी हात पाहायला गेलो होतो,” तो म्हणाला. “सगळे मुखवटा बघत होते. मला वाटलं, खरी कलाकृती मागे आहे. बुवा नव्हता. मला वाटलं, मुद्दामच ठेवला नसेल. रचनेचा भाग.”

“मूठ?” तिपाईने विचारले.

“ऐक, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा...”

“पंडित. मूठ.”

“उघडली.”

चित्रकाराने तोंडावर हात ठेवला.

“हळूच उघडली,” समीक्षक म्हणाला. “मग बोटं पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मला वाटलं, तो शेवट करतोय. इतकं ते... मी त्यावेळी कोणालाही हाक मारली असती तर ते मोडलं असतं. मला वाटलं, एक क्षण थांबू. तू ओरडलीस तेव्हा मी पाहुण्यांत मिसळलो. रोल मी त्याच रात्री धुतला. बुवा गेल्यानंतरच्या प्रत्येक फोटोत मी तिथं उभा आहे, हाताची घडी घालून. सगळं जाळून टाकलं.”

“आणि निबंध लिहिलास,” तिपाई म्हणाली, “मिटलेल्या मुठीवर.”

“तो कोणासाठी लिहिला? तुझ्यासाठीच! तुझा भाऊ घाबरून मेला असं लिहायला हवं होतं का? मी त्याला मोठं केलं. आज त्याचं नाव आहे ते माझ्यामुळे. आणि माझ्याकडे अशी बघू नकोस. उघडी मूठ किती फोटोंत होती ठाऊक आहे? तू दाबत होतीस म्हणून तितके निघाले. तो मरत होता आणि तू फुगा दाबत होतीस.”

संचालक पुढे सरसावला, पण तिपाईने हाताने त्याला थांबवले.

“हो,” ती म्हणाली. “मी दाबत होते. मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं.”

ती खुर्चीत मागे रेलली. ज्यासाठी डोळे राखून ठेवले होते ते आता कोठेही उरलेले नव्हते. जे कळले ते ज्याच्या तोंडून कळले, त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून तिला इलाज नव्हता. बदला घेण्यातही निदान काही हाती लागते. इथे तेही नव्हते.

“बाईसाहेब,” समीक्षक म्हणाला. त्याचा आवाज आता कामकाजाचा झाला होता. “कायद्यानं यात काय उरतं? इतक्या वर्षांनी? कोरा रोल नासवल्याचा गुन्हा होतो का?”

“फारसं काही उरत नाही.”

“मग हे चार भिंतींत राहू द्या. शुक्रवारी उद्घाटन आहे. त्याचंही नाव खराब होईल, संग्रहालयाचंही.”

संचालकाने मावशीकडे पाहिले. त्याच्या नजरेत आशा होती, आणि ती पाहून बाईसाहेबांना भाच्याची प्रथमच लाज वाटली. त्यांनी तिपाईला विचारले, “तुम्हाला काय हवंय?”

“शिक्षा मला देता येत नाही. तुम्हालाही येत नाही, दिसतंच आहे. पण कोणीतरी एकदा मोठ्यानं सांगावं. या सगळ्यांसमोर. मी चाळीस वर्षं फक्त दाखवत आले, सांगितलं कोणीच नाही.”

बाईसाहेब आयुष्यभर बसून निकाल देत आल्या होत्या. हा त्यांनी उभ्याने दिला, आणि त्यात एकही विशेषण नव्हते.

“त्या मुलानं सोडवायला सांगितलं होतं. या माणसानं ते पाहिलं आणि कोणाला हाक मारली नाही. मुलगा कलेसाठी मेला नाही. याच्यामुळे मेला.”